कल्याणचें बंदर आणि त्याच्या पाठीचे घाट

कल्याण म्हटलें म्हणजे आज डोळ्यांपुढें उभें राहतें तें आगगाडीचें जंक्शन. परंतु याच गांवाच्या खाडींत एके काळीं परदेशचीं जहाजें येत असत. उघड्या समुद्रापासून इतक्या आंत तीं कां येत? याचें उत्तर खाडींत नसून गांवाच्या पाठीमागें, मुरबाड व शहापूर तालुक्यांच्या डोंगरांत आहे.

सह्याद्रीची भिंत चढून देशावर जाण्यास वाटा थोड्या. त्यांपैकीं दोन महत्त्वाच्या वाटा कल्याणास येऊन मिळतात. एक शहापूर, खर्डी, कसारा या मार्गानें थळघाट चढून नाशकास जाते. दुसरी मुरबाडवरून वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाच्या पायथ्याशीं पोहोंचते व वर जुन्नरास निघते. तेथून पुढें पैठण. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे आंकडेच आंकडे त्यांत कोरले आहेत. राजघराण्यानें आपलें वैभव व्यापाऱ्यांच्या वाटेवर कोरावें, यांतच त्या वाटेचें मोल दिसतें. माथ्यावरील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, ही आख्यायिका सर्वांस आवडते. लेखांत मात्र त्या रांजणाचें नांव नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याणची एक चमत्कारिक हकीकत आहे. पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती. पुढें सत्ता बदलली, व्यापारास अडथळा झाला, आणि चुकून आलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचास नेलें जाऊं लागलें. त्याच ग्रंथाप्रमाणें पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या मजलेवर होतें, व तेथील अकीक रस्ते नसलेल्या मुलखांतून गाड्यांनीं भडोचास जाई. जवळचा नाणेघाट असतां हा वळसा पडला, तो राजाज्ञेनें! चीनमध्येंही १७५७ सालीं बादशहानें पाश्चात्यांचा व्यापार एकट्या कॅन्टनला बांधून दिला, आणि निंग्पोचें बंदर त्यांना बंद झालें. तें १८४२ पर्यंत.

कल्याणवरील अडथळा मात्र कायम राहिला नाहीं. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणकर व्यापारी भेटतात, आणि सहाव्या शतकांत कॉस्मस हा ग्रीक लेखक येथील तांबें, शिसवी लाकूड व कापड यांचा उल्लेख करतो. लांकडाची वाण येथें कधींच नव्हती. माहुलीच्या पायथ्याचीं सागाचीं रानें अजून उभीं आहेत. १६५७ सालीं कल्याण हातीं येतांच शिवाजीमहाराजांनीं याच खाडींत जहाजबांधणी आरंभिली. पण खाडीच्या मुखाशीं वसईस पोर्तुगीज बसले होते, ते १७३९ पर्यंत हलले नाहींत.

पुढें १८५४ सालीं रेल्वे कल्याणास आली व १८६५ सालीं थळघाट चढली. देशावरचा माल खाडीकांठीं उतरण्याचें कारण उरलें नाहीं. तो थेट मुंबईच्या धक्क्याकडे जाऊं लागला. खाडी गाळानें उथळ होत गेली.

डोंगरांतून मुंबईकडे खालीं येणारी मोठी संपत्ति आज पाणी ही आहे. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांत तानसेचा बांध पुरा झाला, मागाहून भातसेचें धरण झालें, आणि तें पाणी नळांतून मुंबईस पोहोंचतें. चैत्र-वैशाखांत त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात.