स्वस्त रिमफायर काडतुसे आणि पिस्तुलाची साथ

हैदराबादच्या ईशा सिंग हिचा समावेश असलेल्या भारतीय संघाने २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे रिमफायर काडतूस वापरले जाते. यात ठिणगी देणारे संवेदनशील रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते, आणि स्वस्त मालात ते कडेभर सारखे पसरले नसेल तर पिन नेमकी रिकाम्या जागी आदळून काडतूस फुसके ठरते; तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा भरल्यास अनेकदा उडते, यावरून दोष कुठे होता ते उघड होते.

रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस पिनेसमोर येते, म्हणून तेथे असा माल बराचसा खपून जातो. स्वयंभरणी पिस्तुलात मात्र रिकामे टरफल बाहेर फेकून नवे काडतूस नळीत चढवण्याचे काम बाराच्या धक्क्यावरच चालत असल्याने दारू किंचित कमी पडली तरी स्लाइड पुरती मागे जात नाही आणि टरफल अडकते. शिवाय शिशाच्या गोळीवरील मेण व काजळी साचत जाते. जलद फेरीत प्रत्येक बारासाठी ३ सेकंदच मिळतात. त्यामुळे नेमबाजाने आपल्याच पिस्तुलात निरनिराळे माल पारखून घेणे अत्यावश्यक ठरते, कारण एका पिस्तुलात बिनबोभाट चालणारे काडतूस दुसऱ्यात वारंवार अडते.