वहीचा तपासनीस

देवळीच्या बाजारात आपण कापूस नेतो. काट्यावर वजन होते. काटा खरा की खोटा, हे कसे कळते? वजनमापवाले ठरलेले माप ठेवून पाहतात. चुकला, तर काटा नापास.

हिशेबाच्या वहीचेही तसेच. वही एकाच्याच घरी असली, तर खाडाखोड कोणाला कळणार? म्हणून ब्लॉकचेन नावाची रीत निघाली. वही एकच, पण तिच्या नकला हजारो संगणकांवर. प्रत्येक संगणकात नोंद तपासणारी आज्ञावली असते. आम्ही तिला तपासनीस म्हणू. माणूस नव्हे बरं का! नोंद आली की तो पाहतो: सही देणाऱ्याचीच ना? हाच पैसा आधी कुणाला दिला नाही ना? जवळ आहे त्याहून जास्त तर देत नाही ना?

पण सगळीकडे तोच तपासनीस, आणि तोच चुकला तर?

१५ ऑगस्ट २०१० ला तसेच झाले. बिटकॉइन नावाच्या पैशाची वही होती. सारी नाणी मिळून २ कोटी १० लाखांवर जायची नाहीत, असा नियम. कोणीतरी अर्धे नाणे दाखवून दोन खात्यांवर मिळून १८,४४६ कोटी नाणी लिहिली! बेरीज यंत्राच्या घरात मावेना. मोटारीचे मैल मोजणारे आकडे ९९९९९ नंतर शून्यावर येतात ना, तशी गत. बेरीज उलटून शून्याच्याही खाली गेली. म्हणजे अर्ध्याहून कमीच! तपासनीस म्हणाला, ठीक.

काही तासांत चूक ध्यानात आली. दुरुस्त आज्ञावली निघाली. खोटे पान सोडून वही पुढे लिहिली गेली.

आता तपासनिसाचीच परीक्षा घेतात. एका यादीत खऱ्या नोंदी. दुसरीत मुद्दाम केलेल्या खोट्या: सही चुकलेली, एकच पैसा दोनदा, बेरीज मावेनाशी. पहिलीतली एकही अडता कामा नये, दुसरीतली एकही सुटता कामा नये. आज्ञावलीची एक ओळ बदलली, तरी सारी परीक्षा पुन्हा. कंटाळवाणे काम आहे खरे.

आपल्या विदर्भातही ही रीत आली आहे. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीचे ६५,००० दाखले असे नोंदवायला सुरुवात झाली. मागून कोणी दाखल्यात फेरफार केला, तर तो नोंदीशी जुळत नाही. मात्र कचेरीत लिहितानाच नाव चुकले, तर तपासनिसाला ते कळत नाही. दाखला हाती पडला की तिथेच उभे राहून आपले नाव, बापाचे नाव, गाव वाचून घ्यावे.