कणांचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शास्त्रज्ञाला मात्र मूळ शोधल्यावाचून चैन पडत नाही. पृथ्वीभोवतीच्या अवकाशात विद्युत्-भारित कण प्रचंड वेगाने धावत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु उपग्रहांतील नाजूक यंत्रे निकामी करण्याचे व अंतराळवीरांच्या शरीरास इजा करण्याचे सामर्थ्य त्यांच्या अंगी असते. शत्रूची वाट ठाऊक असली, तरच बंदोबस्त करता येतो. मग हे कण येतात तरी कोठून?

त्यांचे पहिले कूळ सूर्याचे. सूर्यापासून कणांचा एक प्रवाह सतत वाहत असतो; त्यास सौरवारा म्हणतात. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहणारा हा वारा साधारण चार दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला, म्हणजे मात्र काही कण इतके वेगवान होतात, की ते तासाभराच्या आतच येऊन थडकतात.

दुसरे कूळ फार दूरचे. १९१२ साली व्हिक्टर हेस हे शास्त्रज्ञ मापनयंत्रे घेऊन फुग्यातून पाच किलोमीटरांहून अधिक उंच गेले. हवेत आढळणारे भेदक किरण जमिनीतूनच निघतात, असा तेव्हा समज होता. ते उंचावर कमी व्हावयाचे, पण उलट कितीतरी वाढले! हेच विश्वकिरण होत. महाकाय तारे आयुष्याच्या अखेरीस फुटतात, तेव्हा उठणाऱ्या आघात-लहरींतून यांपैकी पुष्कळ कणांना वेग मिळतो.

तिसरे कूळ ऐकून नवल वाटेल. ते खुद्द पृथ्वीचेच होय. विश्वकिरण वातावरणातील अणूंवर आदळले, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर उडतात. न्यूट्रॉनवर विद्युत्-भार नसल्यामुळे पृथ्वीचे चुंबकत्व त्यास अडवीत नाही. परंतु एकाकी न्यूट्रॉनचे आयुष्य सरासरी १५ मिनिटांचे. वाटेत तो मोडला, की त्यातून प्रोटॉन व इलेक्ट्रॉन निघतात. ते भारित असल्याने चुंबकीय जाळ्यात अडकतात. १९५८ साली जेम्स व्हॅन ॲलन यांनी शोधलेल्या प्रारण-पट्ट्यांपैकी आतल्या पट्ट्यातील अतिवेगवान प्रोटॉन मुख्यतः असेच आलेले असतात. बाहेरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन आरंभी मंद असतात. झोपाळ्याला योग्य क्षणी हलके झोके देत राहिले, म्हणजे तो उंच जातो. तद्वत् तेथील विद्युत्-चुंबकीय लहरी त्यांचा वेग वाढवितात.

या तिन्ही कुळांत सूर्याचे कूळ सर्वांत लहरी. म्हणून त्यावर पहारा हवा. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले ‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवर आपल्या नेमल्या जागी पोहोचले. अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारी त्यावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या गणेशखिंडीतील ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने घडली. अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेचे ‘ॲस्पेक्स’ हे उपकरण त्याच यानावरून येणारे कण मोजते. पुण्याचा डोळा उगमावर, तर अहमदाबादचा हात प्रवाहात! नदीच्या मुळाशी असा पहारा असला, म्हणजे पुराची वर्दी गावाला वेळेवर मिळू शकते.