वाळू रेची, उजेड झाडांचा
(गोड्या पाण्यातली पाकटं : लेखांक ५)

स्टिंगरेच्या टाकीत झाडं टिकत नाहीत, असं मत्स्यालयाचे दुकानदार सांगतात. त्यात तथ्य आहे. संध्याकाळी व्हॅलिस्नेरियाची रोपं वाळूत ओळीनं लावावीत आणि सकाळी ती सगळी पाण्यावर तरंगताना दिसावीत, असं रे पाळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत घडतं. मग कंटाळून लोक नुसती काच, पंप आणि मासा एवढ्यावर थांबतात. टाकीचं माप आणि गाळणी हे विषय गेल्या दोन लेखांकांत झाले. आज पाहायचं आहे ते हे की झाडं टाकीत नेमकी कुठे ठेवली तर टिकतात, आणि टिकली तर त्यांचा उपयोग किती.

आधी मासा समजून घेऊ. कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याचेच हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले भाऊबंद. आपल्याकडे मिळतो तो बहुधा मोटोरो, क्वचित काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी. रेचे डोळे वर आणि तोंड खाली असतं, त्यामुळे खाताना आपला घास त्याला दिसत नाही. वास आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारे सूक्ष्म विद्युतसंकेत यांवर तो शोध घेतो आणि अंगाची चकती हलवून वाळू उडवतो. विश्रांतीलाही तो वाळूच अंगावर ओढून घेतो. ज्या जमिनीची रोज अशी उलथापालथ होते, तिथे रोप मूळ कधी धरणार? त्याच्या मूळ प्रदेशातही चित्र फारसं वेगळं नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात हे मासे वाळूच्या पट्ट्यांवर आणि पुरात बुडालेल्या जंगलातल्या पालापाचोळ्यात वावरतात. हिरवळ असते ती बरीचशी पाण्याच्या पृष्ठभागावर. टाकीत आपण तेच करायचं : वाळू रेला सोडून द्यायची आणि झाडं वर न्यायची.

झाडं हवीत कशाला, याचं उत्तर शोभेपेक्षा रसायनात अधिक आहे. समुद्रातली पाकटं रक्तात युरिया साठवून ठेवतात. खाऱ्या पाण्यात शरीराचा समतोल राखायला त्यांना तो लागतो. नद्यांमध्ये स्थिरावलेल्या या कुळाची ती क्षमता गेली. आता त्यांच्या शरीरातला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात येतो. त्यात हा मांसाहारी आणि खादाड प्राणी, म्हणजे नायट्रोजनचा भार मोठा. त्यातला काही झाडं शोषून घेतात.

जबलपूरकरांसाठी इथे एक स्थानिक अडचण आहे. शहराला बरंचसं पाणी लालपूर आणि रमनगरा इथून, म्हणजे नर्मदेतून येतं. हे पाणी अल्कधर्मी आहे, पीएच सहसा आठच्या आसपास, आणि अमोनियाचा किती वाटा विषारी रूपात असेल ते पीएचवर ठरतं. २७-२८ अंश तापमानाच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा सहा भागांच्या पुढे जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण आपल्या गोरखपूर भागातल्या नळाच्या पाण्यात तो नऊ-दहा पट घातक. म्हणूनच भेडाघाटहून आणलेल्या संगमरवराच्या तुकड्यांनी टाकी सजवण्याचा मोह टाळावा. तो दगड पाण्यात हळूहळू विरघळत कठीणपणा वाढवतो आणि पीएच खाली येऊ देत नाही. शिवाय त्याच्या धारदार कडा रेचं पोट फाडू शकतात. वाळूचीही परीक्षा घ्या. चमचाभर वाळूवर लिंबू पिळा आणि थोडा वेळ थांबा. बुडबुडे आले, मग ते सावकाश का येईनात, तर ती वाळू टाकीत नको.

झाडं नायट्रोजनचा हा भार किती उतरवतील? ढोबळ हिशोब करू. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत साधारण १६०० लिटर पाणी राहतं. रेला रोज ५० ग्रॅम कोळंबी-मासळी दिली, तर त्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि दीड ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो. त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे ग्रॅमभर, पाण्यात उतरतो असं धरू. गाळणीतल्या जिवाणूंनी त्याचं नायट्रेट केलं की दर लिटरला रोज जवळपास ३ मिलिग्रॅमची भर पडते, आठवड्याला २०. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं, तरी नायट्रेट २० ते ४० च्या दरम्यान घुटमळतं.

आता झाडांची बाजू. पाणवनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि वाळलेल्या भागात नायट्रोजन तीन टक्के धरला, तर किलोभर ओल्या हिरव्या वाढीत तो जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतो. टाकीत पडतो आठवड्याला सात ग्रॅमच्या वर. म्हणजे दर आठवड्याला किलोभर वाढ कापून बाहेर काढली, तर पाचवा ते चौथा हिस्सा उतरतो. एवढी मदत मोलाची आहे, पण गाळणीला किंवा पाणी बदलण्याला तो पर्याय नाही. आणि कापलेलं बाहेर काढलं तरच ती मदत. पान टाकीतच कुजलं की घेतलेलं सगळं परत देतं.

आता निवड. माझ्या मते पहिला मान मनीप्लांटचा. मुळांवरची माती पूर्ण धुऊन वेल टाकीच्या काठावर जाळीच्या टोपलीत बसवायचा. मुळं पाण्यात, पानं हवेत. पानांना कार्बन डायऑक्साइड हवेतूनच मिळतो, त्यामुळे वाढ झपाट्यानं होते. पीस लिलीही अशीच लावता येते. मुळं हीटर आणि पंपापासून दूर राहतील एवढं पाहा. पाण्याखाली हिरवं हवंच असेल, तर अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न घ्या. या झाडांना माती लागत नाही आणि मंद उजेड चालतो, जो रेलाही मानवतो. गोलसर, जड लाकडावर ती सुती दोऱ्यानं बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. लाकूड मात्र रेच्या धक्क्यानं कलंडता कामा नये, आणि त्याखाली मासा अडकेल अशी फटही नको.

तीन गोष्टींपासून सावध राहा. पहिली, तांबं. झाडांच्या सूक्ष्मपोषक खतांत ते असू शकतं आणि गोगलगायी मारायला वापरलं जाणारं मोरचूद तर तांब्याचंच. रेला ते सोसत नाही, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. दुसरी, बाहेरून आणलेली रोपं. सिहोऱ्याच्या बाजूला तळ्यांत शिंगाड्याचं पीक घेतात आणि त्यावर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. अशा तळ्यातली वनस्पती टाकीत घालू नका. दुकानातलं रोपही दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून, पाणी बदलत राहून मगच वापरा. तिसरी, प्राणवायू. मे महिन्यात इथला पारा ४२ च्या पुढे जातो. पाणी २५ वरून ३२ अंशांवर गेलं की त्यात मावणारा प्राणवायू दर लिटरला सव्वाआठवरून सव्वासात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. झाडं दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तीही घेतात. तरंगत्या वनस्पतींनी पृष्ठभाग झाकला, तर हवा पाण्यात मिसळायलाही वाव राहत नाही. तेव्हा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कधीही झाकू नका. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर या टाकीला जोडूच नका. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप मात्र हवाच.

छाटणी करताना रे कुठे आहे हे दिसल्याशिवाय हात पाण्यात घालू नये. लांब चिमटा आणि कात्री वापरा. शेपटीवरचा काटा विषारी असतो. तो लागलाच, तर रक्तस्राव दाबून थांबवा, जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि थेट रुग्णालय गाठा.

तरंगत्या झाडांत जलपर्णी, पिस्टिया आणि साल्विनिया सहज मिळतात आणि वाढतातही भराभर. तरी मी ती सुचवत नाही. जलपर्णी मूळची अ‍ॅमेझॉनची, रेच्याच खोऱ्यातली, आणि आपल्या तलावांचे हाल तिनं कसे केलेत ते सगळ्यांसमोर आहे. साल्विनिया मोलेस्टा ब्राझीलची. बैतूल जिल्ह्यात सारणीचा जलाशय तिनं व्यापला होता. तिच्यावर तोडगा शोधण्याचं काम आपल्याच शहरातल्या, अधारतालच्या खरपतवार (तण) अनुसंधान निदेशालयानं केलं. १९८९ साली सुरू झालेल्या या संस्थेनं साल्विनियावरच जगणारा एक छोटा भुंगेरा वापरला आणि कटनी जिल्ह्यातलं एक तळं सुमारे दीड वर्षात मोकळं केलं. मूठभर छाटणी गुलौआतालात किंवा देवतालात टाकणाऱ्याला या सफाईचा खर्च आणि कष्ट दिसत नाहीत.

कायद्याचं भानही हवं. लिओपोल्डीसह रेच्या काही जाती २०२२ च्या नोव्हेंबरात पनामा इथल्या परिषदेत साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार वन्यजीव कायद्याच्या चौथ्या, म्हणजे साइट्समधल्या जातींच्या अनुसूचीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. आपली जात त्या यादीत आहे का, ते विकत घेण्याआधी तपासा आणि विक्रेत्याकडून पावती घ्या.

थोडक्यात, एका रेच्या टाकीला काठावरचे दोन-तीन जोमदार मनीप्लांट, लाकडावरचे थोडे अ‍ॅन्युबियस आणि मोकळी मऊ वाळू एवढं पुरेसं आहे. छाटलेलं उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात घाला. नर्मदेत किंवा कुठल्याही तळ्यात ना पान टाका, ना मासा सोडा. पुढच्या आठवड्यात : रेचा आहार आणि उपवासाचे दिवस.