दुकान जागेवर, हद्द मात्र सरकली

दारूच्या दुकानाचं लायसन माणसाच्या नावावर असतं, पण ते जागेला खिळलेलं असतं. अनुज्ञप्तीवर गाव, गट नंबर आणि जागेची चतुःसीमा लिहिलेली असते. दुकान चार गाळे पलीकडे न्यायचं म्हटलं तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे स्थलांतराचा प्रस्ताव द्यावा लागतो. देशी दारूचे सीएल-३ आणि वाईन शॉपचे एफएल-२ हे नवे परवाने देणं महाराष्ट्रात सत्तरच्या दशकातच थांबलं. त्यामुळे जुन्या कागदाला सोन्याचा भाव आहे. मालक बदलतो, पत्ता बदलतो, परवाना तोच.

पण दुकान हललंच नाही आणि गावच शहरात गेलं तर? दुकानदाराला काहीच हस्तांतर करावं लागत नाही. परवाना राज्याचा, ग्रामपंचायतीचा नव्हे. ती बरखास्त झाली म्हणून तो मरत नाही. फी मात्र लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरते, त्यामुळे ३१ मार्चला नूतनीकरणाच्या वेळी शहराचा झटका बसू शकतो.

हद्दीची खरी किंमत कळली ती २०१७ मध्ये. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला आणि १ एप्रिलपासून शटर पडली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी अंतर २२० मीटरवर आणलं गेलं. बंदी टाळायला चंडीगडने तर शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकला. मग ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं, की नगरपालिका-महापालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही. झालं! एकाच रस्त्यावर पालिकेच्या हद्दीतली परमिट रूम उघडी, ग्रामपंचायतीतली बंद. रस्ता तोच, ट्रकही तेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये शहरालगतच्या गावांबाबत ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तोवर हद्दीवरच्या दुकानदारांसाठी नकाशावरची रेघ म्हणजे गल्ला होता.

नेमक्या २०१७ च्याच ऑक्टोबरमध्ये पुणे महापालिकेत ११ गावं आली. २०२१ मध्ये आणखी २३. पाणी, कचरा, मिळकतकर यांवर रान उठलं. दारूच्या दुकानांबाबत गावाचा आवाज कुठे गेला, हे फारसं कुणी विचारलं नाही.

वास्तविक मला खटकतं ते हेच. दुकान बंद करायचं तर एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. झालेल्या मतांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. हजार-बाराशे बायकांच्या गावात हे घडू शकतं, कारण दारू कोणाच्या घरात काय करते हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. शहरात हाच हिशेब प्रभागाचा. तिथे महिला मतदार हजारोंच्या घरात, अर्ध्याजणींना ते दुकान कुठल्या चौकात आहे हेही माहीत नसतं. कायदा तसाच राहिला, पण बाटली आडवी करणं जवळपास अशक्य झालं. ११ गावांना तर सुरुवातीला मिळून नगरसेवकच दोन मिळाले!

पुढे २०२४ मध्ये त्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे सात वर्षांत तिथलं एखादं दुकान जागचं न हलता ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद अशा तीन हद्दी फिरून आलं.

हद्दवाढीच्या प्रारूप अधिसूचनेवर हरकती-सूचना मागवल्या जातात. तुमचं गाव त्या यादीत असेल, तर पाणी आणि कराबरोबर आणखी एक मागणी लिहून द्या : गावातल्या प्रत्येक दारू परवान्याची यादी जाहीर करा आणि विलीनीकरणानंतरही त्या दुकानापुरतं मतदान जुन्या गावाच्याच महिलांचं घ्या.