पोटरीत गोळा का येतो?

आषाढ लागला की मुळशी तालुक्यात आवणीची घाई उडते. ताम्हिणीकडे पाऊस कोसळत असतो. खाचरात गुडघाभर चिखल असतो. सकाळी कमरेत वाकलेला माणूस अंधार पडू लागला की मगच सरळ होतो. पुण्यात किंवा पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीला असलेली पोरंही चार दिवसांची रजा काढून गावी येतात. दिवसभर काम होते, रात्री जेवणं होतात, घर झोपी जाते. आणि मध्यरात्री एखादा पंचविशीतला धडधाकट गडी ओरडत उठतो. त्याच्या पोटरीत गोळा आलेला असतो. पाय दगडासारखा घट्ट झालेला. हात लावू देत नाही.

मग घरात धावपळ. कुणी तेल आणतो, कुणी काळा दोरा शोधतो. आजी म्हणते, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!" पण होतं की. याला कुणी गोळा म्हणतात, कुणी वांब, कुणी पेटका. एका दुखण्याला इतकी नावे आहेत, त्या अर्थी ते जुनेच असणार.

गोळा म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. आपल्या अंगातले मांस म्हणजे स्नायू. मेंदूकडून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूला हुकूम येतो. 'आवळ' म्हटले की तो आवळतो, काम झाले की सैल पडतो. स्नायू फार दमला की हा हिशेब बिघडतो. आवळण्याचा हुकूम येतच राहतो, आणि त्याला आवर घालणारा निरोप दुबळा पडतो. स्नायू आपला आवळूनच बसतो. तीच ती कळ.

यावरचा उपाय कुणालाही करता येतो. आवळलेला स्नायू ताणायचा. गुडघा सरळ करा. पायाची बोटे हाताने धरून नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर तळपायाला पंचा अडकवा आणि त्याची दोन्ही टोके आपल्याकडे ओढा. नेट लावा, पण हिसका देऊ नका. अर्धा-एक मिनिट असेच धरून ठेवा. उभे राहता येत असेल तर दोन्ही हात भिंतीला टेका, दुखरा पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकवा आणि पुढे झुका. स्नायूला ताण बसला की सैल पडण्याचा निरोप कण्यापर्यंत जातो, आणि गोळा उतरतो. मग हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याने शेका. दुसऱ्या दिवशी पोटरी थोडी ठणकेल, त्याची काळजी नको.

मात्र पाय देऊन तुडवणे, सुई टोचणे, डाग देणे हे प्रकार करू नका. गोळा बहुधा काही मिनिटांत आपण होऊन उतरतो. मग डाग देणाऱ्याला फुकटचे श्रेय मिळते, आणि पोराच्या पायावर जन्माचा व्रण राहतो.

आता गोळा येतोच का? तरण्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांत मोठे कारण म्हणजे सवय नसलेले काम. वर्षभर यंत्रापुढे नाहीतर खुर्चीत बसलेला माणूस एकदम चिखलात उतरतो. रुतलेला पाय दर पावलाला उपटून काढतो. पोटरीने एवढे काम वर्षभरात केलेले नसते. कबड्डीचे सामने आले की खेळाडूंना गोळे येतात तेही याचमुळे. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस काम करावे, मधून मधून बांधावर येऊन पोटऱ्या ताणाव्यात, हे सांगायला सोपे आहे. पाऊस आणि मजूर दोन्ही हाताशी असताना कोण थांबतो, हे आम्हाला कळते. पण निजण्यापूर्वी भिंतीला टेकून दोन-तीन वेळा पोटऱ्या ताणायला तरी हरकत नसावी.

दुसरे कारण घाम. पावसात कसला घाम, असे वाटेल. पण प्लॅस्टिकचा कागद पांघरून राबणाऱ्या माणसाचा सदरा आतून पिळून पाहा. घामाबरोबर मीठही जाते. इंग्लंडातल्या कोळशाच्या खोल खाणींत फार उकाडा असे. खाणकामगार घामाने निथळत, वर नुसते पाणी घटाघटा पीत, आणि त्यांना पेटके येत. १९२३ साली मॉस नावाच्या संशोधकाने हे लिहून ठेवले. पाण्यात थोडे मीठ घालून दिले तेव्हा पेटके कमी झाले. आपली मीठ घातलेली भाताची पेज, ताक, आंबील हे सगळे याच कामाचे आहे. जुलाब-उलट्या झाल्यावर गोळे येत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्या. चमचा चहाचा घ्या. मीठ जास्त घालू नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर मिठाचे डॉक्टरांना विचारा.

तरीही सगळा दोष मिठाचा नाही. अमेरिकेत २०१० साली एक प्रयोग झाला. मुद्दाम आणलेला पेटका लोणच्याचे आंबट पाणी प्यायल्यावर लवकर उतरला. ते पाणी पोटातून रक्तात जायच्या आतच हे घडले. म्हणजे घशाला आंबट झोंबल्याचा निरोप शिरांवाटे गेला असावा, असा तर्क निघाला. त्यांचे लोणचे सिरक्यातले आणि आपले तेलातले, तेव्हा बरणी रिकामी करू नका!

काहींना काम न करताही गोळे येतात. पालथे निजले, किंवा पायावर जड वाकळ घेतली, की पाऊल खाली झुकते आणि पोटरी आखडते. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे राहणाऱ्यांना हा त्रास होतो. गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत तो हमखास होतो. त्यांनी तपासणीच्या वेळी नर्सबाईंना सांगावे. लघवी होण्याच्या गोळ्या, दम्याची काही औषधे, फार दारू, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा बिघाड यांनीही गोळे येतात. गोळे आठवड्यातून चार-चारदा येऊ लागले तर रक्त तपासून घ्यावे. कुणी क्विनीनची गोळी सुचवील. ती आपल्या मनाने घेऊ नये. तिने रक्तात आणि हृदयात जिवावरचे बिघाड होतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१० साली तशी ताकीद दिली आहे.

इथपर्यंतचे सारे त्रासाचे, पण बहुधा जिवावरचे नव्हे. आता जे सांगतो ते नीट ध्यानात घ्या. पोटरीचे प्रत्येक दुखणे गोळा नसते.

खाचरातल्या साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचे, गुराढोरांचे मूत मिसळते. त्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात. पायाला चिरा असतील किंवा कातडी पाण्याने मऊ पडली असेल, तर ते जंतू अंगात शिरतात. बहुधा आठवडा-पंधरवड्याने जोराचा ताप येतो, डोके आणि कंबर दुखते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो. गोळा मिनिटांत उतरतो. हे दुखणे दिवसरात्र राहते. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर या तापाचे पुष्कळ रोगी झाले होते. लवकर औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे बिघडतात. आवणीनंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर "अंग कामाने दुखतंय" म्हणून घरी पडून राहू नका.

एकच पाय सुजला, गरम झाला, आणि दुखणे हटत नाही, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. बाळंतपणानंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना हे विशेष होते. असा पाय चोळू नका. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

बिडी ओढणाऱ्या तरुणाला चालताना पोटरी किंवा पाऊल दुखते आणि थांबले की राहते, तेव्हा तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चाललेल्या असतात. पुढे बोटे काळी पडतात, पाय कापावा लागतो. बिडी पूर्ण सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय. दिवसाला दोनच ओढीन, असे चालत नाही.

आणि फार श्रमानंतर दुखण्याबरोबर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूचे तुकडे पडून मूत्रपिंडावर भार आलेला असतो.

पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. माणसाला हलवण्यासारखे नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलावता येते. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा: दुखणे किती दिवसांचे, ताप आहे का, लघवीचा रंग कसा, बिडी किती, कोणती औषधे चालू आहेत. आणि खाचरात उतरला होता हेही सांगा, कारण शहरातल्या डॉक्टरांना ते तुमच्याकडे पाहून कळणार नाही.