वीस टक्क्यांचं पान
वाशिममधल्या एका खासगी अभियंत्याचा दिनक्रम

सकाळी ६.३०
हिंगोली रस्त्यालगतचं वावर. ऊन चढायच्या आत मोजणी उरकायची म्हणून पोरं टोटल स्टेशन लावून तयार. मागच्या खरिपापर्यंत इथे सोयाबीन होतं, आता चुन्याच्या रेघा. क्षेत्र १.८० हेक्टर. मालक बांधावरूनच विचारतात, "साहेब, ओपन स्पेस नाल्याकडच्या कोपऱ्यात सरकवता येईल ना?" तिरकस कोपऱ्याला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो लेकरांना खेळायला. एवढ्या मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. त्यावर आता कुणी भांडत नाही. भांडण फक्त कोपऱ्याचं.

सकाळी ९.३०
पाटणी चौकाजवळचं ऑफिस. सकाळचे आकडे नकाशावर चढवायचे. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि पुण्याला लागू असलेलं पुस्तक वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या नगरपरिषदांतही आलं. त्यात सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. बोलताना तिला नुसतं 'वीस टक्के' म्हणतात. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे, तर वीस टक्के क्षेत्रात ३० ते ५० चौरस मीटरचे लहान प्लॉट अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे. इमारत असेल तर लहान सदनिका. लाभार्थी ठरवायला म्हाडाची सोडत.

मेख पुढे आहे. ही तरतूद आली ती दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांपुरती. २०११ च्या जनगणनेत आख्खा वाशिम जिल्हा ११ लाख ९७ हजार, आणि वाशिम शहर ७८ हजार. मी ते पान उलटतो आणि रस्त्यांच्या रुंदीकडे वळतो.

सकाळी ११.३०
धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी येतात. प्लास्टिकच्या पिशवीतून बाँडपेपर काढतात. नोटरीचा शिक्का, घडीवर फाटलेला कागद, एक गुंठा जागा. चतुःसीमेत लिहिलंय 'पूर्वेस रस्ता'. तो रस्ता कुठल्याही मंजूर नकाशात नाही.

"घरकुल काऊन भेटत नाही भाऊ? आमच्या जाऊबाईले तं भेटलं."

जाऊबाई सरकारी जागेवर राहतात. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला. त्यांना पट्टा मिळाला आणि फाइल पुढे सरकली. मावशींनी मात्र पैसे मोजून खासगी मालकाकडून जागा घेतली. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. बाँडवरची तारीख २०२२ ची.

"मंग म्या फसली म्हना की."

"मावशी, प्रधानमंत्री आवासमध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात. दीड केंद्राचे, एक राज्याचा. पण पहिला कागद मालकीचा लागतो."

मावशी पिशवीला गाठ मारतात. खेड्यात असत्या तर जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेचं अर्थसाहाय्य होतं. ते ग्रामीण भागापुरतं.

दुपारी १.३०
डबा. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वीज गेलेली.

दुपारी ३.००
नगरपरिषद. एका बंगल्याचं विकास शुल्क भरायचं आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम १२४ मालिकेतलं हे शुल्क रेडी रेकनरच्या दरावर बसतं आणि सार्वजनिक सुविधांसाठी असतं. म्हणजे नव्या बांधकामाने शहराला काहीतरी द्यावं हे तत्त्व वाशिममध्ये पूर्वीपासून मान्य आहे. रस्ता द्या, नाली द्या, मैदान द्या, शुल्क द्या. गरिबाला प्लॉट द्या, एवढंच त्या यादीत नाही.

दुपारी ४.३०
पुसद नाक्याच्या पुढे एका घरकुलाचा स्लॅब पडलाय. मोबाइलवर जिओ-टॅगचा फोटो काढायचा म्हणजे पुढचा हप्ता सुटेल. लाभार्थी अंगठ्याने लेन्स पुसून देतो, सहकुटुंब फ्रेममध्ये उभा राहतो. हप्त्याची वाट बघत त्याने सिमेंट उधार आणलंय. तरी हा नशीबवान, कारण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बापाचं नाव होतं.

संध्याकाळी ७.००
गिऱ्हाईक संपलं. आता स्वतःचं काम. नियमावलीत फेरबदल सुचवणाऱ्या निवेदनाचा मसुदा.

माझं म्हणणं सरळ आहे: गावाची लोकसंख्या बघू नका, लेआउटचा आकार बघा. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यातल्या कलम १०६ खाली विकासकाकडून परवडणारी घरं घेतली जातात. तिथला सर्वसाधारण उंबरठा प्रकल्पात दहा घरं असण्याचा, गाव दहा लाखांचं असण्याचा नाही.

सकाळच्या वावरावर हिशेब मांडतो. १८,००० चौरस मीटरमधून मोकळी जागा आणि रस्ते वजा जाता विक्रीला साधारण ११,००० उरतात. त्याचे वीस टक्के २,२००. पन्नास-पन्नासचे ४४ प्लॉट, प्रत्येक मंजूर नकाशातला, प्रत्येकाला खरा रस्ता. मावशींसारख्या ४४ जणींच्या घरकुलाच्या फायली त्यावर उभ्या राहतात आणि सरकारला जमीन विकत घ्यावी लागत नाही.

पळवाटा मला ठाऊक आहेत. नाशिकमध्ये चार हजारच्या आत बसवायला जमिनीचे तुकडे पाडल्याचे आरोप विधिमंडळात गाजले. म्हणून एका सातबाऱ्यातून पडलेले तुकडे एकत्र मोजावेत, असं कलम घालतो. इथे जमिनीचा भाव पुण्याचा नाही, तेव्हा छोट्या गावांना वीसऐवजी दहा टक्केही चालतील, हेही लिहितो.

शेवटची अट: आधी मंजूर झालेल्या लेआउटना हे लागू नसावं. ती न्यायाची आहेच. शिवाय ती नसेल तर उद्यापासून माझ्याकडे एकही मालक नकाशा काढायला यायचा नाही, हेही खरं.